तिसरा हात

मोटारगाडीत दिवे, आरसे, हॉर्न, वायपर हे सगळं फार लवकर आलं. हातातला पेला ठेवायला एक साधा खळगा मात्र यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. कार्ल बेन्झने त्याच्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं १८८६ साली. आणि कपहोल्डर घेऊन आलेली पहिली गाजलेली गाडी कारखान्याबाहेर पडली १९८३ च्या नोव्हेंबरात! माणूस तोवर चंद्रावर जाऊन परत आला होता.

गेले दोन महिने मी या खळग्याच्या मागे लागले आहे. बाबांच्या जुन्या गाडीत तो नाही आणि मला तो बसवायचा आहे. का, ते पुढे येईलच. पण शोधायला बसले एक साधी क्लिप आणि हाती लागला हा सगळा इतिहास. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

गाडीत कप ठेवायचा प्रश्न पडायचा असेल तर आधी कप गाडीत यायला हवा. आणि गंमत अशी की बराच काळ तो येतच नव्हता. पेला दुकानदाराचा, तुम्ही प्यायचं आणि परत द्यायचं. अमेरिकेत रेल्वेच्या डब्यात, शाळेत, सार्वजनिक नळावर एकच पेला साखळीने बांधलेला असायचा, सगळे त्यातूनच पाणी पीत. क्षयरोगाची भीती वाढली तेव्हा कॅन्सस राज्यातले एक डॉक्टर, सॅम्युएल क्रंबाईन, या पेल्याच्या मागे हात धुऊन लागले आणि १९०९ साली त्या राज्याने सामायिक पेल्यावर बंदी घातली. त्याच सुमाराला बॉस्टनचे लॉरेन्स लुएलन आणि त्यांचे जोडीदार ह्यू मूर एकदा वापरून फेकायचा कागदी पेला विकत होते. पुढे त्याचंच नाव 'डिक्सी कप' झालं. म्हणजे कागदी कप जन्माला आला तो सोयीसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या उष्ट्याच्या भीतीने. हे वाचल्यावर मला आपल्याकडचं बरंच काही आठवलं, पण ते नंतर.

कागदी कप आला तरी तो गाडीत बसून प्यायची रीत यायला वेळ लागला. १९२१ साली डॅलसजवळच्या हमरस्त्यावर 'पिग स्टँड' नावाचं खाण्याचं दुकान निघालं. गाडीतून उतरायचं नाही, पोऱ्या धावत येऊन ऑर्डर घेणार. अशा दुकानांचं पुढे पेवच फुटलं. तिथे गाडीच्या दाराच्या काचेवर अडकवायचा एक पत्र्याचा ट्रे असायचा. खाणं झालं की तो काढून न्यायचे. तेव्हा बाहेरून गाडीला जोडलेला पहिला कपहोल्डर कुठला असं मला कोणी विचारलं तर मी या ट्रेकडे बोट दाखवीन. फक्त तो उभ्या गाडीसाठी होता. चालत्या गाडीत पिणं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

याचा सगळ्यात मजेदार पुरावा म्हणजे १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम. किंमत १३,०७४ डॉलर, म्हणजे तेव्हा साध्या गाड्या दोन-अडीच हजारांत मिळत असताना! या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये पेल्यांचा संच यायचा आणि झाकण उघडून आडवं केलं की त्यावर पेले चिकटून उभे राहत. त्यांना चुंबक होता. ऐकायला झकास. पण चुंबक पेल्याला धरतो, पेल्यातल्या पाण्याला नाही. गाडी वळली की पेला जागच्या जागी आणि पेय मांडीवर. पुढच्या अनेक वर्षांत कितीतरी गाड्यांच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून दोन उथळ गोल दिले जात. आपल्याकडच्याही काही गाड्यांत पाहिले असतील. ते गोल म्हणजे कपहोल्डर नव्हेत, ती नुसती रांगोळी.

मग १९६४ साली सेव्हन-इलेव्हन या दुकानांनी बरोबर न्यायच्या कपात कॉफी विकायला सुरुवात केली. आणि १९८० मध्ये त्यांचा 'बिग गल्प' देशभर आला. ३२ औंस, म्हणजे जवळजवळ एक लिटर थंड पेय एका कपात! हा एवढा हंडा घेऊन माणूस गाडीत बसला की करणार काय? बाजाराने उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकात दोन प्रकारचे जुगाड मिळत (त्यांना जुगाड शब्द माहीत नव्हता इतकंच). एक, दाराची काच आणि रबरी पट्टी यांच्यामधल्या फटीत एक चपटी जीभ खुपसायची, तिला कड्यासारखा कपहोल्डर लटकलेला. दुसरा, गाडीच्या मधल्या उंचवट्यावर खोगिरासारखा टाकायचा ट्रे, दोन्ही बाजूंना वाळूच्या किंवा तशाच जड पिशव्या, म्हणजे सरकत नाही. दोन्ही स्वस्त, दोन्ही बिनस्क्रूचे. ही दोन चित्रं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता १९८३. क्रायस्लर कंपनी १९७९ साली बुडायच्या बेतात होती, सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली म्हणून वाचली. ली आयकोका आणि हॅल स्पर्लिक या दोघांनी (दोघेही फोर्डमधून बाहेर पडलेले) जी गाडी आणली ती मिनीव्हॅन. डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर, दोन नावं, गाडी तीच. तिच्या आतल्या प्लास्टिकमध्ये कप बसेल असे खळगे मुळातच घडवलेले होते. कोणी त्याची मोठी जाहिरात केली नाही. पण लोकांनी एकदा तो खळगा वापरला आणि मग तो नसलेली गाडी त्यांना अपुरी वाटायला लागली.

मला इथे थांबून विचार करावासा वाटला की मिनीव्हॅनच का? स्पोर्ट्स कार का नाही, ट्रक का नाही? मिनीव्हॅन कोण चालवत होतं ते पाहा. शाळेतून मुलांना आणणारी, एकीला पोहायला आणि दुसऱ्याला फुटबॉलला सोडणारी आई. मागे पाच पोरं आणि पुढे एकटी ती. तिच्या शेजारच्या सीटवर तिचा कप धरणारं कोणी नाही. आणि कामाला जाणाऱ्यांचं म्हणाल तर २००० च्या जनगणनेत अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश नोकरदार गाडीतून एकटेच कामाला जात होते. माझं सरळ मत असं झालं आहे की कपहोल्डर हा पेयाच्या इतिहासाचा भाग नाही, रिकाम्या सीटच्या इतिहासाचा आहे. शेजारचा हात गेला म्हणून प्लास्टिकचा हात आला.

हा हात नसला तर काय होतं, त्याची जगप्रसिद्ध गोष्ट तुम्हाला अर्धी ठाऊक आहे. मॅकडोनल्ड्सची कॉफी अंगावर सांडली म्हणून लाखो डॉलर मिळवणारी म्हातारी! एके काळी तिच्या नावाने 'स्टेला अवॉर्ड्स' म्हणून इमेल फिरायच्या, त्यात मूर्ख खटल्यांची यादी असायची (त्यातले बरेचसे खटले कोणीतरी रचलेलेच होते). मीही त्या फॉरवर्डवर हसले आहे, आपण सगळेच हसलो आहोत. आता खरी हकिगत ऐका.

२७ फेब्रुवारी १९९२, अमेरिकेतलं अल्बुकर्की गाव. स्टेला लीबेक, वय ७९. गाडी नातू चालवत होता, आजी शेजारच्या सीटवर. ४९ सेंटची कॉफी घेतली आणि तिला दूध-साखर घालता यावी म्हणून नातवाने गाडी बाजूला उभी केली. हो, गाडी उभी होती. गाडी होती १९८९ ची फोर्ड प्रोब, दिसायला चपटी देखणी, आणि तिच्यात कपहोल्डर नव्हता. आजीबाईंनी कप दोन गुडघ्यांत धरला आणि झाकण आपल्याकडे ओढलं. कॉफीचं तापमान कंपनीच्या नियमाप्रमाणे ८२ ते ८८ अंश सेल्सियस. अंगातल्या सुती पँटने ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. शरीराच्या सहा टक्के भागावर तिसऱ्या दर्जाच्या भाजलेल्या जखमा, आठ दिवस हॉस्पिटल, कातडीची रोपणं. त्यांनी औषधपाण्यासाठी वीस हजार डॉलर मागितले, कंपनी आठशे देते म्हणाली. मग कोर्ट. तिथे निघालं की १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत अशा भाजण्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी आलेल्या होत्या. १९९४ मध्ये ज्यूरीने वीस टक्के दोष आजींचाच धरला, भरपाई एक लाख साठ हजार आणि वर दंड म्हणून २७ लाख डॉलर ठरवले. न्यायाधीशांनी तो दंड चार लाख ऐंशी हजारांवर आणला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात राहिले फक्त ते २७ लाख. स्टेला लीबेक २००४ साली वारल्या.

खटला कॉफीच्या तापमानाचा होता, गाडीचा नव्हता, हे खरं. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते गुडघे जात नाहीत. दोन हात कामात आहेत, एक कपावर आणि एक झाकणावर, आणि तिसरा हात हवा आहे. तो नाही म्हणून गुडघे.

युरोपातल्या, विशेषतः जर्मन गाड्यांना हे प्रकरण फार दिवस पटलं नाही. गाडी चालवायला असते, कॉफी प्यायला कॅफे असतात, असा त्यांचा खाक्या. अमेरिकेत गाड्या खपेनात म्हटल्यावर त्यांनी कपहोल्डर दिले, तेही डॅशबोर्डमधून अलगद उलगडत येणारे, स्प्रिंगा आणि काड्यांचे, आणि बरेचदा मोडणारे. हेन्री पेट्रोस्की नावाचे एक इंजिनियर प्राध्यापक होते, टाचणी, पेन्सिल अशा वस्तूंवर पुस्तकं लिहिणारे. त्यांनी २००३ च्या एका पुस्तकात कपहोल्डरचाही विचार केला आहे. मुद्दा असा की कपाचं माप एक नसतं. डबा ६६ मिलिमीटरचा, कागदी कप वर रुंद खाली अरुंद, मगाला कान. सगळ्यांना एकच भोक कसं पुरणार? तिथे आता उलटं टोक गाठलं गेलंय. सुबारूची 'असेंट' ही गाडी २०१८ साली विक्रीला आली ती १९ कपहोल्डर घेऊन. सीटा जास्तीत जास्त आठ!

असो. आता आपल्याकडे येते.

आपल्याकडे प्रवासातलं पाणी ही वेगळीच संस्था होती. फिरकीचा तांब्या आठवतो? पितळी, आट्याच्या झाकणाचा, उलटा केला तरी थेंब न सांडणारा. आजीचा अजून माळ्यावर आहे. आणि छागल. जाड कापडाची पाण्याची पिशवी, ती गाडीच्या आत नाही तर बाहेर, बंपरला किंवा आरशाला टांगायची. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि आतलं गार होतं. अमेरिकेतले लोक वाळवंट ओलांडताना अगदी अशाच पिशव्या रेडिएटरसमोर टांगत असत हे मला आता कळलं, आणि उगाच बरं वाटलं. चहा मात्र आपण गाडीत कधी नेला नाही. काचेचा ग्लास टपरीवाल्याचा, बशी हॉटेलवाल्याची. उतरायचं, प्यायचं, परत द्यायचं. मुंबईत स्टारबक्स आलं ते २०१२ च्या ऑक्टोबरात. तोवर गाडीत कप घेऊन बसायची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना होती.

पण हा 'परत द्यायचा' पेला प्रत्येकाला मिळत होता असं नाही. मघाशी कॅन्ससच्या पेल्यापाशी मला जे आठवलं ते हे. सातारा माझं माहेर, म्हणून ही गोष्ट मला जवळची. १९०१ साली लहानगे आंबेडकर भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कोणी आलं नव्हतं, मुलं कोणत्या जातीची ते कळल्यावर बैलगाडीवाले यायला तयार होईनात. दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर निघाले. बरोबर खायला भरपूर होतं, पाणी नव्हतं. रात्रभर कोणी पाणी दिलं नाही आणि ती पोरं भुकेलीच झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षं गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी कपबशी वेगळी ठेवलेली असायची. प्रवासातल्या पेल्याबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, ते मला जमलं नाही.

आमच्या घरच्या गाडीत, म्हणजे आधीच्या पद्मिनीत, तिसरा हात आई होती. पुढची सीट सलग, बाकासारखी, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबा गाडी चालवत, आई डावीकडे, तिच्या पायांत ईगलचा थर्मास आणि मांडीवर पिशवी. कात्रज सुटलं की बाबा नुसतं "हं" म्हणत. आई अर्धं फुलपात्र चहा ओतायची, फुंकून निववायची, वळण नाही बघून पुढे करायची, दोन घोट झाले की परत घ्यायची. बाबांनी रस्त्यावरची नजर काढल्याचं मला आठवत नाही. पुढे पद्मिनी गेली आणि ही छोटी गाडी आली, तरी पद्धत तीच. गाडीत कपहोल्डर नाही हे बाबांना वीस वर्षांत कधी जाणवलंच नसणार.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. बाबांच्या हातांना आता कंप आहे, उजव्याला जास्त. गाडी मी चालवते, ते आईच्या जागेवर बसतात. दर दोन महिन्यांनी सातारा ते पुणे, तपासणीसाठी. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, डॉक्टरांनी सांगितलंय थोडं थोडं पाणी पीत राहा. ते पेला उचलून पिऊ शकतात, पण धरून बसू शकत नाहीत. आणि झाकण-नळीचा पेला आणला तर "मी काय तान्हं आहे?" बाटली तोंडाला लावायची नाही, हा तर आयुष्यभराचा नियम. मग पाणी हवं की मी गाडी बाजूला घ्यायची. हायवेवर दर वीस मिनिटांनी गाडी बाजूला घेणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात मला त्रास नको म्हणून ते साताऱ्यापासून पाणी प्यायलेच नाहीत. हॉस्पिटलच्या पायरीवर चक्कर येऊन खाली बसले.

म्हणून ही सगळी खटपट.

नाना पेठेतल्या दुकानदाराने एसीच्या जाळीला अडकवायची क्लिप पुढे केली. नको म्हटलं. जाळीच्या त्या पातळ पट्ट्या हवा वळवायला असतात, भरलेलं फुलपात्र पेलायला नाहीत. आणि ती उजव्या हाताला येते, बाबांचा बरा हात डावा. मधल्या भागात हँडब्रेक, त्याच्यापुढे गियर. पाचवा टाकला की दांडा जिथे जातो तिथेच नेमकी जागा. खोगिराचा ट्रे बाद. उरली ती दाराच्या फटीतली जीभ. डावं दार, डावा हात. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मंडळींचे आभार!

ती तयार काही मिळेना, म्हणून करून घेतली. पत्र्याचं काम करणारे एक काका आहेत आमच्याकडे, त्यांनी स्टीलची पट्टी वाकवून दिली, आणि प्लंबिंगच्या दुकानातून पाइपचा तुकडा. एकशे वीस रुपये सगळे मिळून. जूनच्या शेवटच्या खेपेला लावला. बाबांनी आधी हाताने हलवून पाहिला, मग रिकामं फुलपात्र ठेवून पाहिलं, मग अर्धं भरून. खेड शिवापूर येईपर्यंत दोनदा पाणी प्यायले, आणि मी गाडी थांबवली नाही. खंबाटकीच्या वळणांवर थोडं हिंदकळलं, सांडलं नाही. काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर उतरताना मात्र "उन्हाने तापेल ना हे?" असं म्हणून त्यावर आपला पंचा टाकला.

मिरजेच्या दादाने मापं मागितली आहेत, त्याच्या सासऱ्यांसाठी हवंय. तर दादा, लिहून घे. स्टीलची पट्टी एक मिलिमीटर जाड, चाळीस रुंद. फटीत जाणारी जीभ नव्वद लांब, कडा कानशीने घासून वर इन्सुलेशन टेप, नाहीतर काचेवर ओरखडे येतील. पाइप पंच्याहत्तर मिलिमीटरचा पीव्हीसी, उंची सत्तर, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटव म्हणजे पेला वाजत नाही. खाली तळ नको, फुलपात्र काठावर अडकून आपोआप बसतं. मगासाठी हवा असेल तर कानापुरती उभी चीर पाड. बोल्ट आतून गोल डोक्याचे घे. चहा ठेवायचा तर कोमटच, आणि दार लावायच्या आधी पेला काढून हातात घ्यायचा.